पोलिसांचा फोन : 'उद्या दहाला बहिणीला आणि आईला घेऊन पुण्याला या.' जावंच लागतं का?

वेल्डिंगवाला
रात्री ११.४७

नमस्कार मंडळी. लांबलचक झालंय, सांभाळून घ्या. घरात कुणाच्याच डोळ्याला डोळा नाही.

आम्ही सांगली जिल्ह्यातले. तालुक्याच्या गावी माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, गेट-ग्रिल-शेडची कामं. धाकटी बहीण सहा वर्षांपूर्वी पुण्याला दिली. दाजी कंपनीत सुपरवायझर आहेत. भाची चार वर्षं तीन महिन्यांची. भाऊबीजेला बहीण आली ती परत जायचं नावच काढेना. आम्हाला वाटलं, असेल काहीतरी रुसवाफुगवा. चौथ्या दिवशी आई तिच्या डोक्याला तेल लावायला बसली, तर कानामागं तीन टाक्यांचा व्रण. मग एकेक बाहेर आलं. प्लॉटच्या बुकिंगला माहेरून पाच लाख आण म्हणून दोन वर्षं चाललंय. आम्हाला पत्ता नाही. दवाखान्याच्या कागदावर 'बाथरूममध्ये पाय घसरून पडली' लिहिलंय, आणि ते तिनंच सांगितलं होतं, नवरा शेजारी उभा होता म्हणून.

आमच्या इथल्या पोलीस स्टेशनला गेलो. साहेबांनी ऐकून घेतलं, एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद लिहून हातात दिली. म्हणाले, घडलं पुण्यात, गुन्हा पुण्यातच दाखल होणार, आमची हद्द नाही. त्यानंतर आठवड्याभरात दाजींच्या वकिलाची नोटीस आली : पंधरा दिवसांत नांदायला ये, नाहीतर दावा लावू.

आणि आज संध्याकाळी सहा वीसला मोबाईलवर फोन. पुण्याच्या एका पोलीस स्टेशनमधून बोलतोय म्हणाले. दाजींनी अर्ज दिलाय की बायकोनं मुलीला पळवून नेलं, अकरा तोळे सोनं नेलं, आणि सासूनं म्हणजे माझ्या आईनं फोनवर धमकी दिली. 'उद्या दहाला दोघी हजर पाहिजेत, पोरीला पण आणा, नाहीतर गाडी पाठवून उचलून आणू.' अकरा तोळ्यांपैकी अंगावर आलंय ते मंगळसूत्र आणि दोन बांगड्या. बाकीचं तिच्या सासूच्या नावच्या लॉकरमध्ये. आई ६८ वर्षांची, श्रावणात उजवा गुडघा बदललाय, वॉकर घेऊन चालते. ती काय धमकी देणार?

आता आईनं नेसायची साडी काढून ठेवलीय आणि डब्यात दशम्या भरल्यात. 'पोलिसांनी बोलावलं म्हणजे जायलाच पाहिजे' एवढंच म्हणते. पहाटे पाचला निघावं लागेल. नाही गेलो तर खरंच उचलतात का? आईनं लेकरू सोबत आणलं तर ते पळवून नेणं होतं का? आणि इथली तक्रार इथं का घेत नाहीत?


रांगडा_गडी
रात्री ११.५८

दादा कसला विचार करताय. सासू, सासरा, दीर, नणंद, झाडून सगळ्यांवर सासरच्या छळाचं ४९८ कलम ठोका. एक रात्र आत गेले की दाजी पाय धरत येतील.


निवृत्त_ठाणे_अंमलदार
रात्री १२.३४

वेल्डिंगवाले, पहाटेची गाडी काढू नका. आईंना झोपायला सांगा.

मी ३२ वर्षं खाकीत काढली, त्यातली बरीचशी ठाणे अंमलदाराच्या खुर्चीत. असले फोन मीही केलेत, लपवत नाही. अर्जदार समोर बसून डोकं खातो, साहेब म्हणतात 'बोलवा रे त्यांना', आणि आम्ही फोन उचलतो. 'उचलून आणू' हे त्यातलं मीठ-मिरची. कायद्यात त्याला काही आधार नाही.

पहिलं काम, फोन खरंच पोलिसांचा होता का ते बघा. हल्ली डिजिटल अरेस्टच्या नावाखाली लुटणारे याच भाषेत बोलतात. त्या पोलीस स्टेशनचा लँडलाइन नंबर आयुक्तालयाच्या वेबसाइटवर सापडेल, तिथं लावा आणि विचारा, अमुक नावाचे अंमलदार आहेत का, आमच्या नावचा अर्ज आहे का, आवक नंबर काय.

आता धरून चालू की फोन खरा आहे. तुमच्याच सांगण्यावरून हा नुसता अर्ज आहे, गुन्हा दाखल नाही. साक्षीदार म्हणून कुणाला बोलवायचं तर तपास अधिकारी लेखी आदेशानं बोलावतो, आणि तेही आपल्या किंवा लगतच्या पोलीस स्टेशनच्या हद्दीतल्या माणसाला. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७९. जुन्या संहितेत हे १६० होतं. सांगली जिल्हा पुण्याला लगत कधीपासून झाला? त्याच कलमात पुढं आहे की कोणत्याही वयाच्या स्त्रीला आणि साठीपुढच्या माणसाला राहत्या घराखेरीज दुसरीकडं हजर राहायला भाग पाडता येत नाही. जबाब पाहिजे तर घरी यायचं. तुमची आई दोन्हीत बसते. स्वतःच्या खुशीनं स्टेशनला यायचं म्हटलं तर येऊ देतात, पण गुडघा बदललेल्या बाईला कसली खुशी?

उद्या गुन्हा दाखल झाला आणि तुमच्यापैकी कुणी आरोपी झालं, तर गोष्ट वेगळी. सात वर्षांपर्यंतची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, आधी कलम ३५(३) ची नोटीस द्यायची, हे अर्नेश कुमारच्या निकालात २०१४ मध्येच सुप्रीम कोर्टानं सांगितलंय. जुने लोक अजून तिला '४१ अ ची नोटीस' म्हणतात. ही व्हॉट्सॲपवर पाठवली तर ती बजावणी धरत नाहीत, यावर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाचा स्पष्ट आदेश आहे. फोनवर तर नाहीच नाही. मात्र कागदावर हातात आली तर ती टाळायची नाही. तारखेला हजर राहणाऱ्याला पोलिसांना अटक करायची झाली तर कारण लिहून ठेवावं लागतं, न जाणाऱ्याला अटक करायला त्यांना निमित्त मिळतं.

म्हणून गप्पही बसू नका. गप्प बसलात की अर्जावर शेरा पडतो, 'गैरअर्जदार सहकार्य करत नाहीत.' आता उठून हे टाईप करा आणि त्या पोलीस स्टेशनच्या ईमेलवर पाठवा, सकाळी स्पीड पोस्टानंही टाका :

'प्रति, वरिष्ठ पोलीस निरीक्षक. विषय : आज सायंकाळी ६.२० वाजता मोबाईल क्रमांक अमुक वरून आलेल्या फोनबाबत. महोदय, सदर फोनवर आम्हाला उद्या हजर राहण्यास सांगण्यात आले. कोणतीही लेखी नोटीस मिळालेली नाही. माझी आई ६८ वर्षांची असून तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, डिस्चार्ज कार्ड सोबत जोडले आहे. बहीण व तिची मुलगी खालील पत्त्यावर सुखरूप आहेत. चौकशीस आमचे पूर्ण सहकार्य आहे. आई व बहिणीचे जबाब राहत्या घरी, महिला अंमलदारांच्या उपस्थितीत नोंदवावेत. अर्जाची प्रत मिळावी.'

एवढंच. दाजी कसा नालायक आहे ते यात लिहायचं नाही. 'सुखरूप आहेत' आणि पत्ता मात्र गाळू नका, कारण पळवून नेलं म्हणणाऱ्याचं निम्मं बोलणं त्या एका ओळीत संपतं. पत्ता सांगून कोण पळवतं?

एनसीबद्दल. एनसी म्हणजे अदखलपात्र, त्यात मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय आम्ही तपासच करत नाही. टाके पडलेत, पैशाची मागणी आहे, हे एनसीत बसत नाही. हद्दीचं कारण तर चालतच नाही. आता कलम १७३ मध्येच लिहिलंय की गुन्हा कुठंही घडलेला असो, खबर घ्यायची. लोक त्याला झिरो एफआयआर म्हणतात. शिवाय माहेरी आसरा घेतलेल्या बाईला माहेरच्या हद्दीत ४९८ अ ची फिर्याद देता येते, हे सुप्रीम कोर्टानं रूपाली देवीच्या प्रकरणात २०१९ लाच ठरवलंय. नवराबायकोच्या भांडणात आधी प्राथमिक चौकशी करायला पोलिसांना मुभा आहे, तेवढी सबब ते सांगतील. पण 'हद्द नाही' ही सबब नाही. घेतलीच नाही तर तोच मजकूर एसपी साहेबांना पोस्टानं पाठवा, आणि तरी हललं नाही तर मॅजिस्ट्रेट आहेत, कलम १७५(३).

एक सांगायचं राहिलं. पोलीस स्टेशनची पायरी चढाल तेव्हा अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का, तारीख, सही घ्या. 'ठेवून जा, बघतो' म्हटलं की ठेवायचं नाही.


कोर्टातली_ताई
सकाळी ७.१०

हवालदार दादांनी पोलिसांची बाजू इतकी नीट मांडलीय की मला कोर्टाचंच बोलायचं उरलं. मी तालुका कोर्टात सोळा वर्षं कौटुंबिक प्रकरणं चालवते.

आधी भाचीचं. मूल आईजवळ असणं म्हणजे पळवणं नव्हे. कोर्टाचा ताब्याचा आदेश नसताना आईवरच अपहरणाचं कलम कसं लागेल? २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं हेच वडिलांच्या बाबतीत म्हटलं होतं, मनाई आदेश नसेल तर जन्मदाता स्वतःच्या मुलाला घेऊन गेला म्हणून अपहरण होत नाही. वरून हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा १९५६, कलम ६ : पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईजवळ. आता 'सामान्यतः' या शब्दावर वकील लोक दिवसच्या दिवस खातात, पण आज तुमच्या बाजूला आहे. पाच पूर्ण झाले की आपोआप बापाकडं जातं ही अफवा आहे. तेव्हाही मुलीचं हित बघतात. तिला तिथल्या बालवाडीत घाला, दाखल्याची पावती जपून ठेवा. आणि दाजींनी लेकीशी बोलायचं म्हटलं तर अडवू नका. रविवारी एक व्हिडिओ कॉल लावून द्या. उद्या मॅजिस्ट्रेट पहिला प्रश्न हाच विचारतील.

'नांदायला ये'ची नोटीस बघून घाबरू नका, पण उत्तर द्या. उत्तर नसेल तर पुढं 'काहीही कारण नसताना घर सोडलं' असं वाचलं जातं. उत्तरात मारहाण, पाच लाख, टाके, तारखांसकट यायला हवेत. दवाखान्याच्या कागदाचं टेन्शन तुम्ही घेतलंय ते कळतं. असे 'बाथरूममध्ये पडली'चे कागद मी शेकड्यानं पाहिलेत, न्यायाधीशांनीही पाहिलेत. तुमच्या बहिणीनं त्या काळात कुणाला मेसेज केला होता का? मैत्रीण, शेजारीण, जाऊ? ते मेसेज आजच उतरवून ठेवा, फोन बदलू नका, फॉरमॅट मारू नका.

आता मी सगळ्यात आधी काय करीन ते सांगते. फौजदारी फिर्यादीआधी कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा, २००५ चा, अर्ज. तुमच्याच तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटसमोर, कारण बहीण सध्या राहते तिथं तो चालतो. एकाच अर्जात संरक्षण, खर्चाला पैसे, मुलीचा तात्पुरता ताबा, स्त्रीधन परत, सगळं मागता येतं. आधी संरक्षण अधिकाऱ्यांकडं जा, त्या अहवाल तयार करतात, फी नाही. कायद्यात लिहिलंय साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करा. प्रयत्न हा शब्द फार सोशिक आहे. पण अंतरिम आदेश मागता येतो, त्यावर जोर द्या.

पोटगीसाठी दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालानं. त्याच निकालानं पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात, म्हणजे अर्ज टाकायला जितके महिने लावाल तितके महिने बुडाले. बहिणीनंही खरं लिहायचं. ती शिवणकाम करून चार पैसे मिळवत असेल तर लिहा, लपवलेलं बाहेर निघालं की बाकीच्या खऱ्यावरही शंका येते.

सोनं : लग्नात तिला घातलेलं स्त्रीधन तिचं एकटीचं. सासूच्या लॉकरमध्ये आहे म्हणून सासूचं होत नाही. १९८५ पासून कायदा ठाम आहे, मागूनही दिलं नाही तर विश्वासघाताचा गुन्हा होतो. तिनं अंगावरचं नेलं म्हणून चोरी तर अजिबात नाही. यादी करा, लग्नाचे फोटो काढा, सराफाच्या पावत्या शोधा.

४९८ अ चं कलम भारतीय न्याय संहितेत ८५ झालंय. फिर्यादीला तीन वर्षांची मुदत असते, तेव्हा आज नाही दिली तर हक्क गेला असं नाही. द्यायची तर द्या, तो तुमच्या बहिणीचा निर्णय, तुमचा नाही आणि माझाही नाही. पण रांगडा_गडी म्हणतात तसं झाडून सगळ्यांची नावं घालू नका. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं अशाच मोघम फिर्यादीवर कान उपटलेत. कुणी, कधी, काय केलं हे ज्याच्याबद्दल लिहिता येत नाही त्याचं नाव नको. शिवाय हे कलम आपसात मिटवता येत नाही, पुढं समेट झाला तरी रद्द करायला हायकोर्टात जावं लागतं. तिथलं कलम आता नागरिक सुरक्षा संहितेत ५२८. जुनं ४८२ होतं, आणि नव्यात ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन! गेल्या वर्षभरात आमच्या बाररूममध्ये या एका आकड्यावरून जेवढे घोळ झाले तेवढे कशावरून झाले नसतील.

वकिलाची फी हा अडसर असेल तर कोर्टातच तालुका विधी सेवा समिती आहे. स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन करूनही विचारता येतं.


नणंद_सोलापूरची
सकाळी ९.२२

ताई, नावांचं बोललात ते बरं झालं. माझ्या भावाच्या प्रकरणात मी आरोपी नंबर पाच होते. भावाच्या लग्नाआधीपासून मी सोलापुरात, वहिनीच्या घरी एकूण चार वेळा गेले असेन, त्यातली एक बारशाला. भाऊ चुकलाच होता, मी त्याची बाजू घेत नाही. पण हायकोर्टातून माझं नाव निघेपर्यंत अडीच वर्षं गेली, आणि तेवढे दिवस पासपोर्टचं काम अडून राहिलं. वेल्डिंगवाले दादा, बहिणीला मारणाऱ्याला सोडू नका. पण त्याच्या बहिणीनं काही केलं नसेल तर तिला सोडा.


रांगडा_गडी
सकाळी ९.४०

बरं बाबा, मागं घेतो.


वेल्डिंगवाला
अकरा दिवसांनी, रात्री ९.१५

उशीर झाला, माफ करा. वर्कशॉप, कोर्ट, आई, सगळं एकदम.

त्या रात्री सव्वा एकला ईमेल पाठवला. सकाळी लँडलाइनवर खात्री केली, अर्ज खरा होता. दशम्या आम्हीच घरी चहाबरोबर खाल्ल्या. दुपारी त्याच साहेबांचा फोन, आवाज एकदम खाली : 'अहो ईमेल कशाला पाठवलात, फोनवर सांगायचं होतंत की.' मी म्हटलं, तुम्ही फोनवर गाडी पाठवणार होतात म्हणून. त्यावर हसले. गाडी आली नाही. पाचव्या दिवशी आमच्याच पोलीस स्टेशनचे हवालदार आणि एक महिला शिपाई घरी आल्या, पुण्याहून पत्र आलं म्हणाल्या. आईचा जबाब ओट्यावर बसून झाला. धमकी दिली का विचारल्यावर आई म्हणाली, 'दिली. म्हटलं, परत हात लावलास तर मी येऊन बसंन तुझ्या दारात.' महिला शिपाईंनी पेन थांबवलं, माझ्याकडं बघितलं, आणि जसंच्या तसं लिहिलं. वाचून दाखवा म्हटलं तर वाचून दाखवलं.

इथल्या तक्रारीचं : मी परत गेलो, लेखी अर्ज दिला, शिक्का मागितला. शिक्का मारायला पाऊण तास लागला. मग आधी समुपदेशनाला पोलिसांच्याच भरोसा सेलला पाठवतो म्हणाले. बहीण एकदा जाऊन आली. दाजी आलेच नाहीत. फिर्याद द्यायची की नाही यावर ती अजून विचार करतेय, ताईंनी सांगितल्यापासून मी त्यात तोंड घालत नाही. अवघड जातं.

कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज मात्र टाकला. विधी सेवा समितीतून वकील मिळाल्या, तरुण आहेत पण कागद नीट वाचतात. नांदायच्या नोटिशीला उत्तर गेलं. एक मैत्रीण निघाली, तिला बहिणीनं टाके पडले त्या रात्री दोन वाजता फोटो पाठवला होता. तो फोटो बहिणीच्या फोनमधून डिलीट झालेला, मैत्रिणीच्या फोनमध्ये होता. मैत्रीण साक्षीला यायला तयार आहे.

रविवारी सातला व्हिडिओ कॉल लावून देतो. पहिल्या रविवारी भाचीनं बापाला माझ्या वर्कशॉपमधला वेल्डिंगचा काळा चष्मा दाखवला, दहा मिनिटं तेवढंच चाललं. बहीण आतल्या खोलीत होती.

आता सोन्याच्या यादीवर अडलोय. लग्नातला राणीहार आई साडेतीन तोळ्याचा म्हणते, बहीण तीनचा, फोटोत नुसता चमकतो. सराफ म्हणाले सहा वर्षांपूर्वीची बिलबुकं माळ्यावर असतील तर बघतो, उद्या त्यांच्याबरोबर मीच माळ्यावर चढतोय. पावती नाहीच सापडली तर वजन अंदाजे लिहिलेलं चालतं का, ताई?


कोर्टातली_ताई
रात्री १०.०३

चालतं. 'अंदाजे तीन ते साडेतीन तोळे' असंच लिहा आणि फोटो जोडा. छातीठोक आकडा लिहिलात आणि लॉकरमधून वेगळा निघाला तर समोरचा वकील त्याच अर्ध्या तोळ्यावर तुमच्या बहिणीची तासभर उलटतपासणी घेईल. शिडी नीट धरायला कुणाला तरी सोबत न्या.